चढावरचा पट्टा

आमच्या अंगणात एक जीप उभी असायची, त्या काळातली ही आठवण. जीप आमची नव्हती, बाबांच्या मित्राची होती. तिच्यामुळे वाळवणं घालायला जागा उरली नव्हती, म्हणून आईचं तिच्याशी उभं वैर होतं. माझं मात्र तिच्याशी चांगलं जमलं होतं. पुढच्या छपरीत माझं शिवणाचं मशीन होतं आणि पाय चालवता चालवता समोरच्या उघड्या बॉनेटमध्ये काय चाललंय ते सगळं दिसायचं. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, मी दिवसभर ब्लाउज शिवते. खरं म्हणजे मी दिवसभर इंजिन पाहायची आणि मधूनमधून ब्लाउज शिवायची.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बाबा खापरखेड्याच्या वीजघरातून निवृत्त झाले होते आणि आम्ही कॉलनीतलं क्वार्टर सोडून नागपुरात सक्करदऱ्याकडच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. वीजघरात बाबा फिटर होते. मोटर एकीकडे, पंप दुसरीकडे, मधे पट्टा. दोन्ही पुल्या एका रेषेत आल्या नाहीत तर पट्टा एका बाजूने झिजतो, ओरडतो आणि शेवटी उडून जातो. त्या पुल्या रेषेत आणण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं बाबाच सांगायचे. लाजणं बिजणं त्यांना माहीत नव्हतं. "माह्या नजरेतून केस सुटत नाही," हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की आई पोळ्या लाटताना त्यांच्या आधीच ते म्हणून टाकायची.

पण या फुशारकीच्या मागे काय होतं तेही मला ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांना कोणी यंत्राजवळ उभं केलं नव्हतं. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या वर्षी बाबा आणि त्यांचा हा मित्र, दोघं तरुण, पांढरे कपडे घालून त्या गर्दीत बरोबर उभे होते. त्यानंतर काही काळाने बाबा वीजघरात लागले आणि पुढे मोठमोठे साहेब त्यांची वाट पाहत मशीन थांबवून ठेवायला लागले. तेव्हा नजर म्हणजे त्यांच्यासाठी नुसते डोळे नव्हते.

निवृत्तीनंतर ते एकदम मिटले. सकाळी पेपर, मग खाट, मग भिंतीकडे तोंड. आई म्हणायची, "इतल्या वर्षांची झोप काढून घेऊन राहिले." मला ते पटत नव्हतं, पण काय करायचं तेही समजत नव्हतं.

त्यातून त्यांना उठवलं ते काकांनी. काका म्हणजे हा जीपवाला मित्र. आधी फौजेत ट्रक चालवायचे, नंतर स्वतःची जुनी जीप घेतली. चिखलदऱ्याच्या एका विश्रामगृहाला लागणारं सामान पोचवायचं काम त्यांना मिळालं होतं. सपाटीवर जीप बरी चालायची. घाट लागला की तिचा जीव जायचा. काका स्वतःच सांगायचे, "मागून एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन आली, अन् माह्याकडं पाहून हसत हसत पुढं निघून गेली!" नवीन इंजिन घेण्याची ऐपत नव्हती. अशात कामठीला जुन्या फौजी सामानाच्या ढिगात त्यांना एक लोखंडी धूड दिसलं, कुठल्यातरी जुन्या डिझेल जनरेटरवरून काढलेलं. ते त्यांनी ओळखलं आणि थेट आमच्या अंगणात आणून टाकलं.

"सुपरचार्जर हाय," काका म्हणाले. "हे जीपले लावून दे."

बाबा खाटेवर उठून बसले. त्या दिवशी त्यांनी दुपारची झोप घेतली नाही.

मला तर ते धूड पाहून राहवेना. ते म्हणजे एक जाड पेटी होती आणि आत दोन पिळदार लोखंडी रूळ. दांडा फिरवला की दोन्ही रूळ एकमेकांच्या पोटात शिरायचे, पण एकमेकांना लागायचे नाहीत. मधे कागद सरकेल न सरकेल एवढीच जागा. मी जॉर्जेटचा एक कपटा त्याच्या तोंडाशी धरला आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवला, तर कपटा उडून थेट आईच्या तांदळाच्या सुपात पडला.

"हे करते काय पन?" मी विचारलं.

"इंजिन आपल्या आपन श्वास घेते," बाबा म्हणाले. "जितली हवा ओढता येईल तितलीच ओढते. हे मशीन त्याच्या तोंडात हवा कोंबते. पोराले जबरदस्तीनं घास भरवतात ना, तसं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद."

"जास्त कोंबलं की पोरगं ओकते," आई सुपातून कपटा काढत म्हणाली.

"म्हनून तं पुली किती मोठी ठेवाची ते पाहा लागते," बाबा म्हणाले, आणि आईला पहिल्यांदाच या विषयातलं काही कळतं असं त्यांच्या तोंडावर आलं.

मग काम सुरू झालं. इंजिनच्या पुढच्या टोकाला जी पुली असते, पंखा फिरवणारी, तिच्यावर आणखी एक खाच असलेली पुली लेथवर करवून आणली. तिच्यावरून पट्टा जाणार आणि बाजूला बसवलेल्या ब्लोअरची, म्हणजे त्या धुडाची, पुली फिरवणार. सांगायला सोपं. पण जीपच्या बॉनेटखाली जागा किती! पट्ट्याच्या एका अंगाला पंख्याची पाती, दुसऱ्या अंगाला रेडिएटरचा रबरी पाइप. या दोघांच्या मधून पट्टा कोणालाही न शिवता गेला पाहिजे. बाबांनी दोन्हीकडे आपलं बोट घालून पाहिलं. "बोटभर जागा हाय. बस झाली."

"बोटभरच काहून?" मी विचारलं. "जास्त काहून नाही?"

"पट्टा फिरताना थोडा झुलते. पाळन्यासारखा. त्याले झुलाले जागा द्या लागते."

खरी मेहनत ब्लोअर कशावर बसवायचा याची होती. बाबांनी जाड पट्ट्यांचं एक ब्रॅकेट केलं आणि ते खाली जीपच्या चासीवर, म्हणजे जिच्यावर सगळी गाडी उभी असते त्या लोखंडी सांगाड्यावर, नटबोल्टने आवळून टाकलं. काकांनी दबकत दबकत विचारलं, "इंजिनवरच बसवलं तं?" कुठेतरी फौजेत त्यांनी तसं पाहिलं होतं.

बाबांना हसू आवरेना. "हालत्या इंजिनवर ब्लोअर ठेवू? तू पलंगावर चूल मांडशील काय बे? मशीनले पाया पाह्यजे. पाया पक्का तं सारं पक्कं."

वीजघरात सगळीच यंत्रं सिमेंटच्या भक्कम पायावर बसवलेली. त्या पायावर त्यांची सारी उमर गेली होती. काकांनी मुकाट पाना उचलून दिला. मलाही ते पटलं होतं.

मग सूत. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून सूत ताणायचं. सूत एका पुलीच्या दोन्ही कडांना आणि दुसरीच्याही दोन्ही कडांना सारखं टेकलं तर पुल्या एका रेषेत आहेत. कुठे फट दिसली तर तिकडे पातळ पत्री, म्हणजे पत्र्याचा कपटा, घालायची, पुन्हा ताणायचं, पुन्हा पाहायचं. बाबा एक डोळा मिटून पाहायचे, कधी दोन्ही मिटायचे. मला वाटायचं, तंद्री लागली. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की लाइन अशी लागली आहे की वीजघरातून कोणाला पाहायला बोलवावं.

इंजिन सुरू केलं. अंगणात उभ्या जीपचा आवाजच बदलला. आधी ती खोकायची, आता गुरगुरायला लागली. पट्टा काळ्या रेघेसारखा स्थिर. काकांनी ॲक्सिलेटर दाबला, सोडला, दाबला. पट्टा जागचा हलला नाही. आईनेसुद्धा कौतुकाने मान हलवली आणि विचारलं, "आता नेसान ना हिले अंगनातून?"

चढ पाहायचा तर नागपुरात चढ कुठून आणणार! त्यातल्या त्यात सेमिनरी हिल्सचा रस्ता. आम्ही तिघं गेलो, मागे वाळूची पोती टाकली. चढ लागला तशी जीप अशी निघाली की मी मागे पोत्यांवर आपटले. काका ओरडले, "वाह रे वाह!" आणि तेवढ्यात बॉनेटखालून किंकाळी आली. अगदी माणसासारखी. फट्‌ करून काहीतरी उडालं आणि जीप पुन्हा आपली जुनी, दमेकरी झाली. बॉनेट उघडलं तर पट्टा खाचेतून सुटून उलटा झाला होता. एक कड उंदराने कुरतडावी तशी.

बाबांनी तिथेच सूत काढलं. ताणलं. लाइन बरोबर होती.

घरी येऊन त्यांनी सगळं पुन्हा उकललं, पुन्हा लावलं. अंगणात पट्टा स्थिर. पुन्हा सेमिनरी हिल्स. या वेळी पट्टा उडाला नाही. तो सरकून रेडिएटरच्या पाइपाला घासला आणि चाकूने कापावा तसा पाइप कापला. उकळतं पाणी आणि वाफ. रस्त्यावरच्या एका सायकलवाल्याने सायकल टाकून पळ काढला. ज्याच्यासाठी बोटभर जागा ठेवली होती, तो पट्टा ती जागा ओलांडून कसा गेला? मला घाबरायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. हा पट्टा घरी शहाण्यासारखा वागतो आणि चढावरच का बिथरतो? एखादं पोर घरी गुणी आणि शाळेत गुंड असतं, तसं काहीतरी. म्हणजे त्याला चढावर असं काहीतरी भेटतं जे अंगणात भेटत नाही.

काका तेवढ्यात, मनात काही न ठेवता, बोलून गेले, "डोळे एकदा दाखवून घे गा. वय झालं आता. लाइनच बरोबर नसंल."

बाबांनी सूत गुंडाळून खिशात टाकलं. घरी आल्यावर त्यांनी अवजारांची पेटी बंद केली आणि काकांना म्हणाले, "एकदा अजून लावतो. या खेपेले पट्टा उडाला तं समजून जाईन का नजर गेली. मग माह्या हातचं काम खतम. ही पेटी तूच घेऊन जाशील."

काका हसण्यावारी न्यायला गेले, पण बाबांचा चेहरा पाहून थांबले. आईने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिच्या हातातली परात खाली ठेवल्याचा आवाज आला. बाबा बोलतात तसं करतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पेटी गेली की ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजणार, आणि या वेळी उठणार नाहीत, हेही.

मला रागच आला त्यांचा. पट्टा उडाला म्हणून माणूस असा उडतो का? पण राग येऊन उपयोग नव्हता. पट्टा का उडतो ते शोधणं जास्त उपयोगाचं होतं.

मला ते सापडलं माझ्याच मशीनपाशी. शिवणाच्या मशीनला तेल द्यायचं तर वरचा भाग बिजागरीवर मागे कलता करावा लागतो. त्याआधी खालच्या चाकावरचा चामडी पट्टा काढायचा असतो. त्या दिवशी माझं लक्ष जीपकडे, पट्टा काढायचा राहिला. मी मशीन कलतं केलं आणि पट्टा वाकडा होऊन चाकावरून घसरला. मशीन सरळ असताना पट्टा सरळ. मशीन कललं, खालचं चाक मात्र जागच्या जागी, म्हणून पट्टा वाकडा. मी तेलाची कुपी हातात घेऊन तशीच बसून राहिले.

मग अंगणात गेले. "बाबा, इंजिन कशावर बसलं हाय?"

"चासीवर."

"नुसतंच?"

"मधे रबरी गाद्या हायेत."

"गाद्या काहून?"

"थरथर गाडीत उतरू नये म्हनून."

"मंग इंजिन त्या गाद्यांवर हालत असंल."

"हालते," बाबा वैतागून म्हणाले. "पन असं किती हालंल?"

किती, हे कोणालाच माहीत नव्हतं. अंगणात उभ्या गाडीत इंजिन नुसतं फिरतं, त्याला ओढायला काही नसतं. चढावर ते चाकांना ढकलतं, आणि ढकलताना स्वतः कलत असणार. माणूससुद्धा जड गाडा ढकलताना अंग तिरपं करतो. इंजिन कललं, तर त्याच्यावरची पुलीही कलली. ब्लोअर मात्र चासीवर पक्का. बाबांनी इतक्या प्रेमाने घातलेला पायाच आडवा येत होता की काय?

बाबांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही. "बोलनं सोपं हाय. पाह्यल्याशिवाय मी मानत नाही."

"मंग पाहू."

मी कापड आखायचा खडू घेतला. इंजिनच्या अंगावरून सुरू करून ब्रॅकेटपर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढली. अर्धी इंजिनवर, अर्धी ब्रॅकेटवर. दोन्ही एकत्र राहिले तर रेघ एकच दिसेल. काकांनी बॉनेटच काढून घरी ठेवलं. कापलेला पाइप बदलला होता, पट्टा नवा होता, लाइन बाबांनी पुन्हा लावली होती. काका चालवायला, बाबा त्यांच्या बाजूला आणि मी मागे उभी, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून, पदर कमरेला खोचून. रस्त्यावरचे लोक बॉनेट नसलेल्या जीपकडे आणि तिच्यात उभ्या असलेल्या बाईकडे पाहून काय म्हणत असतील ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

पायथ्याशी रेघ सरळ होती. काकांनी गिअर टाकला, चढ लागला, ॲक्सिलेटर दाबला, आणि माझ्या डोळ्यांदेखत इंजिनने एक खांदा वर उचलला. खरंच, जसा माणूस उचलतो तसा. रेघ मधोमध तुटली. एक तुकडा वर, एक खाली. पट्टा तिरपा झाला आणि किंचाळायला लागला.

"सोडा काका, सोडा!"

काकांनी पाय काढला. इंजिन खाली बसलं, रेघ पुन्हा जुळली, पट्टा चूप. पुन्हा दाबला, पुन्हा तुटली. मला इतका आनंद झाला की मी चालत्या जीपमध्ये टाळ्या वाजवल्या आणि पडता पडता राहिले.

"बाबा, पाहा ना! रेघ तुटली! पाह्यली काय?"

"कुठं?" बाबा म्हणाले.

मी बोट दाखवलं. एवढी ठळक पांढरी रेघ, काळ्या लोखंडावर, हाताच्या अंतरावर.

"हो हो," ते म्हणाले, "दिसली." ते पंख्याकडे पाहत होते. रेघ पंख्याच्या बाजूला नव्हतीच. मग हळू आवाजात, काकांना ऐकू जाणार नाही असं, "किती सरकली? तू सांग."

"बोटभर," मी म्हटलं.

"हो. बोटभरच," बाबा मोठ्याने म्हणाले.

काकांनी जीप थांबवली आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. "म्हंजे तुही लाइन बरोबर होती गा! इंजिनच वाकडं चालत होतं!" बाबा हसले. किती दिवसांनी असे हसले. पण ज्या रेघेने त्यांची नजर निर्दोष ठरवली, तीच रेघ त्यांना दिसली नव्हती.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "पेपर किती वेळ धरून बसते, पान नाही पलटत. दारात मानूस उभा असते अन् मले विचारते, कोन आलं. दोन वेळा म्हटलं, मेडिकलच्या दवाखान्यात चला. तं म्हनते, अन् डॉक्टरनं काम करू नका म्हटलं तं?"

"मंग आता?"

"आता काय? काम करून राहिले, करू दे."

दुसऱ्या दिवसापासून बाबा नव्या ब्रॅकेटला भिडले. या वेळी ब्लोअर इंजिनवरच. "इंजिन हालू दे लेकाचं, ब्लोअरबी संगं हालू दे," असं ते स्वतःच शोध लावल्याच्या थाटात सांगत होते. काका माझ्याकडे पाहून डोळे मिचकावायचे, पण पलंगावरच्या चुलीची त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. तेवढं मोठं मन काकांचं होतं.

आता मी बाबांकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. सूत ताणलं की ते डोळे मिटायचे ते तंद्रीत नव्हे. ते अंगठ्याचं नख सुताखालून पुलीच्या कडेवर फिरवत होते. सूत जिथे टेकलेलं नाही तिथे नख अलगद शिरायचं, जिथे टेकलेलं आहे तिथे अडायचं. मग बोटाने सूत छेडायचे आणि कान जवळ न्यायचे. पत्री काढायचे, घालायचे, पुन्हा नख. पहिल्या लाइनीही अशाच लागल्या असणार आणि त्या सगळ्या बरोबर होत्या. हे सगळं ते किती दिवस, कोणाला कळू न देता शिकले असतील, या विचाराने मला एकीकडे रडू येत होतं आणि दुसरीकडे ते नख नेमकं काय सांगतं हे विचारायची घाई झाली होती. विचारलं नाही. विचारलं असतं तर मला माहीत आहे हे त्यांना कळलं असतं.

ब्रॅकेट झालं. शेजारच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी स्वतःच वेल्डिंग केलं होतं, कोणाला हात लावू दिला नव्हता. जागेवर बसवून झाल्यावर ते मागे सरकले आणि विचारलं, "कसं झालं?"

काकांनी वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "एक नंबर."

"छान झालं," मी म्हटलं.

आई हात पुसत बाहेर आली. "मस्त हाय," ती म्हणाली.

सेमिनरी हिल्सचा चढ जीप पोत्यांसकट चढली. मी नवी रेघ ओढली होती. इंजिनने खांदा उचलला, ब्लोअरनेही उचलला, रेघ अख्खी. पट्टा आणि पाइप यांच्यात बोटभर जागा जशीच्या तशी. काकांचं एका चढाने भागेना. ते खाली आले, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली. बाबा बाजूला बसून मान तिरपी करून ऐकत होते. त्यांना पाहायची गरजच नव्हती. परत येताना ते रस्ताभर बोलत होते, आणि माझी खात्री आहे की त्यातलं निम्मं वीजघरात घडलेलंच नव्हतं.

त्या रात्री जेवताना पहिला घास घेण्याआधीच ते म्हणाले, "उद्या मेडिकलले जातो. डोळे दाखवाचे हायेत."

आईच्या हातातली भाकर तशीच राहिली.

"आता काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आता माहीत झालं ना, पट्टा कशानं उडत होता ते," बाबा म्हणाले आणि जेवायला लागले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यातला पूर्ण पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? बाबा म्हणाले, "ब्लोअर बसवून राहिलो होतो." आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पुढे दुसऱ्याचं. त्या काळी हिरवी पट्टी, पडून राहणं, मान हलवायची नाही, आणि शेवटी बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा. त्या भिंगांतून सगळंच मोठं दिसतं. बाबा घरभर हिंडून वस्तू पाहायचे. आईचे पिकलेले केस पाहून म्हणाले, "हे कधी झालं?" आई म्हणाली, "तुमी ब्लोअर बसवून राहिले होते तेव्हा."

काका मधल्या काळात चिखलदऱ्याचा घाट कितीदा तरी चढून आले होते. ते भेटायला आले तेव्हा जीप दारात उभी केली. बाबा चष्मा सावरत बाहेर गेले. आम्हाला वाटलं, फक्त हात फिरवून येतील. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकले आणि तसेच राहिले.

ते ब्रॅकेट कसं होतं ते सांगायलाच हवं. वेल्डिंगचे गोळे गुळाच्या भेल्यांसारखे लोंबत होते. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब. भोकं कानशीने घासून घासून लांबट झालेली, आणि हातोड्याचे घाव नको तिथे. वीजघरात कोणी असं काम केलं असतं तर बाबांनी ते त्याच्या पायाशी फेकलं असतं. ते भक्कम होतं, त्याने घाट चढवला होता, पण डोळे असणाऱ्या माणसाने ते दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. आणि आता ते त्या भिंगांतून अधिकच मोठं दिसत होतं.

बाबांनी वेल्डिंगच्या एका गोळ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग वळले.

"हे असं होतं?" ते म्हणाले. "अन् तुमी तिघंबी छान म्हनले?"

काका चपलेने माती उकरायला लागले. "गाडी तं चढली ना गा," ते पुटपुटले. बाबा आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहत होते. आमची तोंडं त्यांना आता स्वच्छ दिसत होती आणि त्यातून सगळं कळत होतं, कोणाला किती दिवसांपासून माहीत होतं तेसुद्धा.

आई दारातून पुढे आली.

"खरं सांगितलं असतं तं तुमी हात काढून घेतला असता," ती म्हणाली. "मले ब्रॅकेट नोतं पाह्यजे. तुमी पाह्यजे होते."